एकशे चाळीसात एक

माझा नवरा घरी आला की चपला दारात भिरकावतो. एक उंबऱ्यात, दुसरी शेजाऱ्यांच्या बादलीपाशी. त्या दिवशी त्याने दोन्ही चपला जोडीने भिंतीला लावून ठेवल्या, तेव्हाच मी मनात म्हटलं, चंचलबाई, इथे काहीतरी पाणी मुरतंय.

तोंडावर मी त्याला अहो म्हणते, मनात कुंदन. सुरतेजवळ पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये कापड रंगवायच्या कामाला आहे. रोज हात कुठल्या ना कुठल्या रंगाचे करून येतो आणि आल्या आल्या चहासाठी ओरडतो. त्या दिवशी ओरडला नाही. येताना तो माझ्या रक्ताचा रिपोर्ट घेऊन येणार होता.

"आणला का रिपोर्ट?" मी विचारलं.

"आणला."

"मग? काय म्हणतो?"

"जरा गडबड आहे. बाळात दोष असू शकतो म्हणे." हे त्याने मला सांगितलं, पण बघितलं आईकडे. सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. मी कागद मागितला तर म्हणाला, "तुला काय कळणार त्यातलं, इंग्रजी आहे सगळं," आणि शर्टाच्या खिशात ठेवून दिला.

अहाहा! इंग्रजी त्याला तरी कुठे येतं?

आता मी अशी संशयी का, ते सांगते. मला दोन मुली आहेत. थोरली तिसरीत, धाकटी बालवाडीत. आमच्या लिंबायतच्या गल्लीत दोन मुलींच्या पाठीवर तिसऱ्यांदा दिवस गेले की बायका तोंडाने काही बोलत नाहीत, नुसत्या पोटाकडे बघतात. दोन वर्षांपूर्वी मागच्या गल्लीतल्या एकीला पाचव्या महिन्यात गावाला नेलं आणि रिकामी करून आणली. का, तर बाळात दोष होता. कसला दोष, हे आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. सांगायला कशाला पाहिजे? सगळ्यांना ठाऊक आहे, मुलगी होती. त्या बाईने नंतर वर्षभर कोणाच्या नजरेला नजर दिली नाही.

म्हणून या वेळी मी तीन महिने घरात कोणाला कळूच दिलं नव्हतं. उलटी आली की नळ मोठा सोडायचे. साड्यांना स्टोन चिकटवायचं काम घरी घेते, त्याच्या गमाच्या वासाने जीव नकोसा व्हायचा, तरी हूं की चूं केलं नाही. दिवाळीला गावी गेलो तिथे सासूबाईंनी पकडलं. मग सुरतेला परत आल्यावर दवाखाना सुरू झाला. चौथ्या महिन्यात पहिल्यांदा तपासणी, म्हणून डॉक्टरबाई माझ्यावर रागावल्या. त्या दिवशी सोनोग्राफीचं मशीन बिघडलेलं होतं. नर्सने शेवटच्या पाळीची तारीख विचारली, मी सांगितलं, श्रावण लागला त्या दिवशी. तिने लिहून घेतलं, रक्त काढलं, आणि सोनोग्राफीला पुढच्या आठवड्यात बोलावलं. आणि त्या रक्ताचा हा रिपोर्ट.

रात्रीची भाकरी थापता थापता माझा हिशेब पक्का झाला. रक्तावरून आजकाल काय काय कळतं. मुलगी आहे हे कळलेलं आहे, आणि मला दोषाची गोष्ट सांगतायत. मी एकेक भाकरी अशी थापली की परात दणाणली. कोणी विचारलं नाही काय झालं म्हणून. यावरूनच समजा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गच्चीवर साड्या वाळत घालायला गेले. जिन्यात पाय ठेवला तर वरून सासूबाईंचा आवाज. फोनवर बोलत होत्या, गावाकडच्या बोलीत, अगदी हळू. ही बाई फोनवर एरवी इतक्या मोठ्याने बोलते की पार हजीऱ्याच्या बंदरापर्यंत ऐकू जावं.

"हा, रंभा. चौथा महिना सरी गया. तिले काही सांगेल नही अजून. तूच ये माय. तू उनी म्हंजे समदं व्हई जाई."

माझ्या हातातल्या ओल्या साडीचं पाणी पायावर ठिबकत होतं, मला भान नाही. रंभा म्हणजे रंभाबाई. सासूबाईंची माहेरची मैत्रीण, अमळनेरकडची. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं, पण ती गावात सुईणपण करायची हे आमच्या लग्नात कोणीतरी सांगितलेलं माझ्या लक्षात होतं. चौथा महिना, सुईण, तिला सांगितलेलं नाही, तू आलीस की सगळं होऊन जाईल. आता आणखी काय ऐकायचं बाकी राहिलं?

मी आल्या पावली खाली उतरले. इतका राग आला होता की रडूही येईना. दहा वर्षं या बाईच्या हाताखाली काढली. तिचे पाय चेपले, तिच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला मी उपाशी बसले. आणि ही माझ्या पाठीमागे सुईण बोलावते!

संध्याकाळी कुंदनला धरलं. मुली शिकवणीला गेल्या होत्या.

"खरं सांगा, काय आहे रिपोर्टमध्ये?"

"सांगितलं ना. डाउन सिंड्रोम म्हणतात त्याला. मुलाची अक्कल कमी वाढते, हृदयाचाही त्रास असू शकतो. एकशे चाळीसात एक असा आकडा आलाय. हाय रिस्क लिहिलंय लाल अक्षरात."

"मग डॉक्टर काय म्हणते?"

"म्हणते पुढची तपासणी करा. पोटातलं पाणी सुईने काढून." तो थांबला. जांभळे झालेले हात एकमेकांवर चोळत म्हणाला, "चंचल, मी म्हणतो कशाला ते सगळं? अजून वेळ आहे. मोकळे होऊ. दोन आहेत आपल्याला. उद्या आपण मेलो तर त्याला कोण बघेल?"

"त्याला का तिला?"

"म्हणजे?"

"काही नाही," मी म्हटलं. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याला वाटतं कोणी बघत नाही.

सकाळी मुलींना शाळेत सोडलं आणि तशीच रिक्षा करून दवाखाना गाठला. एकटी. डॉक्टर जागृतीबेन गुजराती आहेत, आमच्याशी हिंदी, मराठी, गुजराती सगळ्याची खिचडी करून बोलतात. बाई हुशार, पण तोंड फाटकं. त्यांच्या टेबलामागे मोठी पाटी आहे, इथे गर्भलिंग तपासणी होत नाही, तो गुन्हा आहे. मी त्या पाटीखालीच बसले आणि सरळ विचारलं, "मॅडम, मुलगी आहे ना?"

त्यांनी चष्मा काढला. "काय म्हणालात?"

"मुलगी आहे म्हणूनच माझ्या घरचे पाडायला बघतायत. तुम्ही त्यांना सांगितलंत आणि मला दोषाची गोष्ट सांगता."

मला वाटलं आता ही बाई मला हाकलून देणार. तोंड लाल झालं होतं तिचं. पण तिने उठून दार लावलं आणि परत येऊन बसली.

"जुओ बेन," त्या म्हणाल्या, "तो रिपोर्ट मुलगा-मुलगी सांगतच नाही. त्यात तसं काही नसतं. आणि तो रिपोर्ट दोष आहे असंही सांगत नाही. घरी गहू चाळता ना? चाळणीत खडे राहतात, पण चांगले जाड दाणेही राहतात. मग तुम्ही हाताने निवडता. ही तपासणी म्हणजे चाळणी. तुमचं नाव चाळणीत राहिलं, एवढंच झालंय. तुमच्यासारखा आकडा आलेल्या एकशे चाळीस बायका ओळीने उभ्या केल्या, तर त्यांतल्या एकीचं बाळ तसं असेल. बाकीच्या एकशे एकोणचाळीस जणींचं नसेल. अडीचशेच्या आतला आकडा आला की आम्ही हाय रिस्क लिहितो आणि पुढे तपासा म्हणतो."

"मग माझे मिस्टर मोकळे होऊ का म्हणतात?"

"ते त्यांना विचारा. मी त्यांना असं काही सांगितलेलं नाही. चाळणी बघून कोणी गहू फेकून देतं का? गुरुवारी सोनोग्राफीला या. दोघं या."

बाहेर आले. बाईचं बोलणं पटलं, खोटं कशाला सांगू. पण मग माझा संशय आणखी वाढला. डॉक्टरीण खरी असेल तर खोटे कोण? घरचे. डॉक्टर तपासा म्हणतेय, आणि हे दोघं तपासणीच्या आधीच मोकळं व्हायला निघालेत. का? घाई कशाची? तिसरीही मुलगीच असणार या भीतीची, दुसरं काय! आणि सुईण कशाला?

गुरुवारी आम्ही दोघं जाणार, तर सासूबाईही निघाल्या. "मी येस," म्हणजे मीही येते, म्हणाल्या आणि लुगडं बदलून तयार. मी नाही म्हणू शकले नाही. रिक्षात तिघं बसलो. सासूबाईंनी मध्येच माझ्या हातावर हात ठेवला, मी पदर नीट करायच्या निमित्ताने काढून घेतला.

सोनोग्राफी जागृतीबेनच करत होत्या. नर्स प्रियांका, तीच पहिल्या दिवशीची, राजस्थानची पोरगी, शेजारी उभी राहून आकडे टाइप करत होती. पोटावर तो थंड चिकट पदार्थ लावला, यंत्र फिरवलं. डॉक्टर परत परत मोजायला लागल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"बाळ तारखेच्या मानाने लहान दिसतंय. जवळजवळ पंधरा दिवसांनी."

माझा तोल गेला. तशी उताणी पडल्या पडल्या मी ओरडले, "परवा दोष, आज लहान! उद्या काय म्हणाल, बाळच नाही? सरळ सांगा ना, यांनी काय शिकवलंय तुम्हाला!"

"चंचल!" कुंदन दारातून म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. तुमच्या आईने सुईण बोलावलीय हे मला माहीत नाही असं वाटतं का?"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. कुंदन त्यांच्याकडे बघत राहिला, जणू हे त्याला नवीनच होतं. जागृतीबेननी मात्र आमच्या भांडणाकडे ढुंकून पाहिलं नाही. पडद्याकडे बघतच त्यांनी विचारलं, "बेन, पाळीची तारीख कोणती सांगितली होती?"

"तारीख कुठे, दिवस सांगितला. श्रावण लागला त्या दिवशी आली. पक्कं आठवतं, कारण पहिल्याच दिवशी मला देवाला शिवता आलं नाही."

"श्रावण लागला तेव्हा अमावस्या होऊन गेली होती, बरोबर?"

"अमावस्येच्या दुसऱ्या दिवशीच लागतो ना श्रावण."

डॉक्टर सावकाश प्रियांकाकडे वळल्या. "तू तारीख कुठून टाकलीस?"

प्रियांका गोंधळली. "मॅडम, सावन लगा उस दिन की. मेरे सोमवार के व्रत रहते हैं, मुझे याद थी."

"तारो सावन पूनम पछी," जागृतीबेननी कपाळावर हात मारला. "यांचा आणि आमचा अमावस्येनंतर."

मग आम्हाला समजावून सांगितलं. उत्तरेकडच्या लोकांचा महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, म्हणून त्यांचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. हे तसं मलाही माहीत आहे. आमच्या गल्लीतले भैया लोक आपला आषाढ चालू असतानाच कावड घेऊन निघतात, मी दरवर्षी हसते त्यांना. पण ते माझ्या पोटापर्यंत येईल असं कोणाला वाटलं होतं! प्रियांकाने तिच्या श्रावणाची तारीख टाकली, आणि माझं बाळ कागदावर पंधरा दिवसांनी मोठं झालं. रक्तातले पदार्थ आठवड्याप्रमाणे कमीजास्त होतात. मोठ्या बाळाच्या मापाने लहान बाळाचं रक्त तोललं, ते कमी भरणारच. बाळ लहान नव्हतं, तारीख चुकलेली होती.

"आता सोनोग्राफीच्या तारखेने लॅब नवा आकडा काढेल. उद्या फोन करते," जागृतीबेन म्हणाल्या. "तोवर कोणी काही ठरवायचं नाही." हे कुंदनकडे बघून म्हणाल्या. प्रियांका रडायला लागली होती. मला तिची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

घरी येताना मी सासूबाईंना काही विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "रंभा गाडीमा बशी गई. आते काय करू?"

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी दहाच्या सुमारास दार वाजलं. मी पुढे होऊन उघडलं. दारात एक उंच, हाडकुळी बाई, डोक्यावर पदर, हातात पिशवी. उधन्याच्या स्टेशनावर उतरून चालत आली असावी, घामाने डबडबली होती. तिने नाव सांगायच्या आधीच मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले.

"रंभाबाई ना? आल्या पावली परत जा. माझ्या पोटाला कोणी हात लावायचा नाही."

तेवढ्यात तिच्या मागून एकजण पुढे आला. विशी ओलांडलेला, बुटका, गोल चेहऱ्याचा, बारीक तिरप्या डोळ्यांचा. शर्टाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्याने मला हात जोडून नमस्कार केला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "चहा!"

"भगवान, पहिले बस तरी," रंभाबाई म्हणाल्या. "माना पोऱ्या शे, माय."

मागून सासूबाई आल्या. त्यांनी मला बाजूला केलं, दोघांना आत घेतलं, भगवानच्या तोंडावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, कारण त्या रागावल्या की मराठीत बोलतात. "सुईण म्हणून नाही बोलावली तिला. या पोराची आई म्हणून बोलावली. मला काय माहीत असं लेकरू कसं वाढवायचं? काय खायला घालायचं, कधी चालतं, शाळेत घेतात का नाही? कुंदन भ्यालेला. तू दगडासारखी, हात लावू देईना. म्हटलं हिला दाखवू, बघेल तर भीती जाईल."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. कुंदनने मिलमध्ये सुट्टी टाकली होती, तो कोपऱ्यात मोबाइल धरून बसला होता फोनची वाट बघत. तोही मान वर करेना.

मी चहा केला. भगवानने कपातला चहा बशीत ओतून दे म्हणून सांगितलं, कपाने तो पीतच नाही म्हणे. गावात पिठाच्या गिरणीवर पोती धरायला जातो हे त्याने स्वतःच सांगितलं. कुंदनचे रंगलेले हात त्याला फार आवडले. एकेक बोट धरून रंग विचारत होता, आणि कुंदन हळूहळू सांगायला लागला, हा जांभळा, हा मोरपंखी. मी पहिल्यांदाच बघितलं की कुंदनचा चेहरा जरा सैल झालाय.

आणि तेव्हाच फोन आला. कुंदनने स्पीकर लावला. जागृतीबेन म्हणाल्या, "नवा आकडा आला. दोन हजार सहाशेत एक. लो रिस्क. शून्य नाही हं, शून्य कोणाचंच नसतं. पण आता सुईच्या तपासणीची गरज नाही."

"वाचलो!" कुंदन ओरडला. उडीच मारली त्याने. "आई, वाचलो आपण! देव पावला!"

मीही हसले. हो, हसले, खोटं बोलणार नाही. छातीवरचा धोंडा उतरला. सासूबाईंनी देवापुढे हात जोडले. भगवानला काय कळलं कोण जाणे, सगळे हसतायत म्हणून त्याने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांपेक्षा जोरात.

मग मला रंभाबाई दिसल्या. पदराच्या टोकाने त्या पोराच्या शर्टावर सांडलेला चहा पुसत होत्या. "बरं व्हयनं," म्हणाल्या. "चांगलं व्हयनं, माय." आवाजात काही नव्हतं, ना राग ना दुःख. कुंदनच्या लक्षात आलं तेव्हा तो उगाच मोबाइल पुसायला लागला.

दोन दिवस राहायला म्हणून आणलेली पिशवी त्यांनी उघडलीच नाही. जेवण केलं, भगवानला हात धुवायला लावले, आणि उठल्या.

"दुपारनी गाडी सापडी जाई," म्हणाल्या. "आते आमनं काय काम?"

"काम असलं तरच यायचं असतं का?" मी चिडून म्हटलं. माझं चिडणं असंच असतं, नको तिथे. सासूबाईंनीही फार आग्रह केला. पण त्या चपला घालायला दारात बसल्या.

मी त्यांच्या शेजारी खाली बसले. माफी मागायची होती. त्यांनीच माझ्या पोटाकडे बघून हळू आवाजात विचारलं, "फोन नसता उना तं... तू ठेवणार व्हती ना?"

इतके दिवस मी भांडत होते. नवऱ्याशी, सासूशी, डॉक्टरशी, सगळ्यांवर डोळा ठेवून होते. पण मी भांडत होते माझ्या तिसऱ्या मुलीसाठी. ती मला डोळ्यांपुढे दिसत होती, वेण्या घातलेली, धाकटीचा फ्रॉक घातलेली. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं त्या लेकरासाठी मी एक दिवस, एक घटकाही भांडले नव्हते. ते खरंच असू शकतं हे मी मनातच येऊ दिलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "ठेवणारच होते."

रंभाबाईंनी माझ्याकडे क्षणभर बघितलं, मान हलवली, आणि खाली वाकून भगवानच्या सँडलचा पट्टा लावायला लागल्या.